रील काढून टाकली, तरी बंडोपंत घरातच आहेत

(पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते आहे.)

बडोद्याच्या एका बाईंचं पत्र. घरात नवरा, सासूबाई आणि यंदा दहावीला गेलेली मुलगी. अकरा वर्षांपूर्वी मामंजींनी एका फिरत्या विक्रेत्याकडून कासवाचं पिल्लू आणलं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, तळहातावर मावेल एवढं. मामंजी गेले, कासव राहिलं. त्याचं नाव बंडोपंत. सासूबाई दर गुरुवारी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहतात. गेल्या महिन्यात मुलीने बंडोपंतांना बाहुलीची टोपी घालून, मागे गाणं लावून रील केली. ती चाळीस हजार लोकांनी पाहिली. कौतुक भरपूर झालं, पण त्यात ‘केटलामां लीधो?’ (कितीला घेतला?) विचारणारे दहाबारा जण निघाले. एका अनोळखी माणसाने खाजगीत लिहिलं, ‘जोडी असेल तर घेतो, भाव तुम्ही सांगा.’ आणि एक कमेंट आली, ‘हे कासव पाळणं गुन्हा आहे, तक्रार करणार.’ मुलगी रडते आहे, की सगळेच टाकतात, मग मलाच का? नवरा म्हणतो, रील काढून टाक आणि गप्प बस. नवऱ्याचा मित्र म्हणतो, रात्री विश्वामित्री नदीत सोडून या. सासूबाई म्हणतात, घरातली लक्ष्मी बाहेर जाणार नाही. बाई विचारतात, ‘रील काढून अकाउंट प्रायव्हेट केलं की झालं ना? आणि मुलीचा फोन काढून घेऊ का?’

ताई,

पत्राबरोबर रीलमधले दोन फोटो पाठवलेत, बरं केलंत. पत्र मी दोनदा वाचलं, फोटो मात्र चार-पाचदा पाहिले. त्यांच्याकडे वळतेच, पण त्याआधी कटू गोष्ट सांगून टाकते, म्हणजे ती पुढे डोक्यावर टांगती राहणार नाही.

ती कमेंट करणारा माणूस खवचट असेल, पण त्याचं चुकलेलं नाही. बंडोपंत हे स्टार कासव आहे, आपल्या देशातलं, जंगली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत नेऊन बसवलं. त्याआधी ते चौथ्या अनुसूचीत होतं, आणि तीही संरक्षित प्राण्यांचीच. म्हणजे मामंजींनी आणलं तेव्हाही ते विकत घेणं कायद्याला धरून नव्हतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे खरं असलं, तरी कायद्यापुढे ते फार लांब जात नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात ‘रील’ हा शब्द सोळा वेळा आहे आणि ‘बंडोपंत’ पाच वेळा. मी मोजले. रील नव्हती तोवर सगळं ठीक होतं, रील आली आणि संकट आलं, म्हणून रील गेली की संकटही जाईल, असा तुमचा हिशेब दिसतो. पण रीलने तुमच्या घरात नवं काहीच आणलेलं नाही. अकरा वर्षं जे फ्रिजखाली बसत होतं, तेच चाळीस हजार लोकांनी पाहिलं.

शिवाय काढून टाकलेली रील जातेच असं नाही. कोणी ती पुढे पाठवलेली असते, कोणी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. अकाउंट आज प्रायव्हेट केलंत तरी आधीचे सगळे फॉलोअर आतच राहतात. आणि ज्याला ‘जोडी’ हवी होती, त्याला तुमच्या मुलीचं अकाउंट सापडलेलं आहे.

तर फोटो. पहिल्या फोटोत बंडोपंत पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर उभे आहेत. पुढचे दोन्ही पाय फाकलेत, तेल सांडलेल्या फरशीवर आपले फाकतील तसे. नखं लांब वाढून एका बाजूला वळलेली आहेत. तोंड नीट पाहा, वरची चोच खालच्या ओठावरून पुढे आली आहे, पोपटासारखी. पाठीवरच्या एकेका चांदणीचा शंकू झालाय आणि दोन शंकूंमधल्या घळीत गुरुवारांचं कुंकू साचून काळपट लाल थर बसलाय. टोपी कशाने बसवली ते दिसत नाही, पण मला दुहेरी चिकटपट्टीचा संशय आहे. दुसऱ्या फोटोत शेजारी बशी आहे आणि बशीत दूध-पोळी. डोळे अर्धे मिटलेले. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘सो काम, किती शांत आहे!’

या जातीच्या कवचावर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, त्यामुळे एका फोटोवरून मी रोगाचं नाव घेणार नाही. ते सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचं काम. पण बाकीचं दिसतंच आहे. माती-दगडावर चालणाऱ्या प्राण्याची नखं आपोआप झिजतात, टाइल्सवर कशी झिजणार? गवत-पाला ओरबाडून खाल्ला की चोच जागेवर राहते, भिजवलेल्या पोळीने राहत नाही. कासव शाकाहारी खरं, पण सरपटणाऱ्या प्राण्याच्या पोटात दूध पचवायची सोयच नाही. कवच घट्ट राहायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला उघडं ऊन लागतं, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात नेमका तो उपयोगी भाग येत नाही. फ्रिजखाली बसायची बंडोपंतांना खोड आहे, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. फ्रिजखाली ऊब असते, ताई. स्वतःच्या अंगात ऊब तयार न करू शकणारा जीव घरातली एकमेव गरम जागा शोधून बसतो, आणि आपण त्याला खोड म्हणतो.

अकरा वर्षं जगला म्हणजे सुखातच असणार, असं तुम्ही धरून चाललात. कुत्र्याला दुखलं तर तो कण्हतो, मांजर खायचं सोडतं. कासव तक्रार करत नाही आणि मरायलाही वर्षानुवर्षं घेतं. त्याची आबाळ इतकी सावकाश होते, की रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. तुम्हाला ती दिसली नाही यात तुमचा उलट्या काळजाचा काही प्रकार नाही. फोटोत दिसते, कारण फोटो थांबतो. म्हणून मुलीला सांगा की रील नंतर काढ, आधी आपण दोघी मिळून एकदा नीट पाहू. आवाज बंद करून पाहा. गाणं गेलं की तेच दृश्य बरंच वेगळं दिसतं.

कवचाबद्दल एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. कासवाची पाठ हे त्याचं घर, असं आपण लहानपणी शिकतो आणि घर म्हटलं की भिंत डोळ्यापुढे येते. पण ती पाठ त्याच्या बरगड्यांची आणि कण्याचीच झालेली आहे, जिवंत आहे, तिला स्पर्श कळतो. टिकली, कुंकू, तेल, रंग, स्टिकर, सगळं अंगावर लावल्यासारखंच.

मी स्वतः दांडिया बाजारच्या वाड्यात वाढले. आमच्या विहिरीत एक कासव होतं. पाणी स्वच्छ राहतं म्हणून कोणीतरी कधीकाळी सोडलेलं. आम्ही पोरं काठावरून चुरमुरे टाकायचो आणि ते वर आलं की टाळ्या पिटायचो. खाली अंधारात त्याचं काय चाललं असेल, हा प्रश्न मला चाळिशी ओलांडल्यावर पडला. तेव्हा मी कोणत्या तोंडाने तुमच्या मुलीला बोलू?

पण तिच्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे. ‘सगळेच टाकतात’ हे तिचं म्हणणं खरं आहे. कोणी गळ्यात अजगर घालून, कोणी कासवाला केक भरवून, कोणी सापाला ओठ टेकवून. फक्त तिने त्या ‘केटलामां लीधो?’वर बोट ठेवून पाहावं. दहाबारा जणांनी भाव विचारला. म्हणजे रील पाहून त्यांना कासवाबद्दल जे वाटलं, ते ‘मलाही हवं’ असं वाटलं. त्यातला एक जरी खरंच शोधायला निघाला, तर कुठल्यातरी माळावरून एक पिल्लू उचललं जाणार. स्टार कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखात राहतं, तसंच दक्षिणेत आणि श्रीलंकेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यापाराच्या एकाच केंद्राभोवती वर्षभरात किमान ५५,००० स्टार कासवं जंगलातून उचलली गेल्याचं आढळलं. एका केंद्राभोवती, एका वर्षात. २०१९ साली जगातल्या देशांनी साइट्स करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे जंगलातल्या कासवांचा सीमेपलीकडचा व्यापार बंद केला. आणि हे सगळं कशासाठी? हातात घेऊन पाहायला, पाण्याच्या वाटीत ठेवायला, टोपी घालायला.

मुलीने रील प्रेमापोटी केली यात मला शंका नाही. पण पाहणाऱ्याला तिचं प्रेम कुठून दिसणार? त्याला टाइल्सवर चालणारं, टोपी घातलेलं, कसलीच कटकट नसलेलं खेळणं दिसलं. विकणाऱ्याला याहून चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

आणि म्हणूनच तिचा फोन काढून घेऊ नका. कासव तिने आणलं नाही. ती चार-पाच वर्षांची असताना घरातल्या मोठ्यांनी ते आणलं, पूजलं, पाहुण्यांना दाखवलं. पाहुण्यांच्या जागी आता इन्स्टाग्राम आहे, एवढाच काय तो फरक. शिक्षा तिला झाली, तर ‘घरात काय आहे ते बाहेर दाखवायचं नाही’ एवढंच ती शिकेल, आणि या वयाच्या मुलीने घरात तेच शिकणं मला पटत नाही. तिच्यावर कामं सोपवा. त्या खरेदीदाराला उत्तर द्यायचं नाही, चिडूनसुद्धा नाही. त्याचा मेसेज आणि प्रोफाइल दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवायचे. रील डिलीट न करता ‘आर्काइव्ह’ करायची, म्हणजे ती लोकांना दिसायची थांबेल पण तुमच्यापाशी राहील. उद्या कोणी विचारलं तर काही लपवलं असं व्हायला नको. भाव विचारणाऱ्या कोणाशीही ‘कुठून घेतला’ची चर्चा नाही. पुढे सगळं पार पडल्यावर तिला यावर काही लिहावंसं वाटलं तर लिहू दे, फोटो न लावता.

आता तो विश्वामित्रीचा सल्ला. नवऱ्याच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि हा सल्ला पुन्हा कोणाला देऊ नका म्हणावं. स्टार कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकलं तर ते बुडतं. आणि आपली विश्वामित्री म्हणजे काही घाटाचं शांत पाणी नव्हे. शहराच्या मधोमध वाहणारी, मगरींनी भरलेली नदी. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या मगरी सोसायट्यांमधून फिरल्या, हे अख्ख्या देशाने मोबाइलवर पाहिलं. (त्यानंतर दोघे जण मगरीला स्कूटरवर आडवी घेऊन वन विभागाकडे निघाल्याचा व्हिडिओही आला होता. बडोदं ते बडोदंच.) समजा, नदीऐवजी पावागढकडे एखाद्या रानात सोडलंत, तरी अकरा वर्षं दूध-पोळीवर वाढलेल्या प्राण्याला तिथे काय खावं, कुठे लपावं हे ठाऊक नसतं. घरातून नेलेले रोग तिथल्या कासवांना लागू शकतात, ते वेगळंच. ‘मुक्त केलं’ म्हणताना बरं वाटतं, म्हणून तर हा सल्ला इतका चालतो.

दुसरे काही मार्गही तुमच्या मनात येऊन गेले असतील. खेड्यात शेत असलेल्या नातेवाइकाकडे पोचवणं, एखाद्या देवळाच्या तळ्यात सोडणं, किंवा अंधारात कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी खोकं ठेवून पळ काढणं. पहिल्यात गुन्हा त्या नातेवाइकाच्या पदरात पडतो, दुसऱ्यात कासव बुडतं, तिसऱ्यात ते सकाळपर्यंत जगेलच याचा भरवसा नाही.

गप्प बसणं हाही मार्ग आहेच, आणि अगदी खरं सांगायचं तर तुम्ही गप्प बसलात तर कदाचित काहीच होणार नाही. ती तक्रार झालीच नसेल. पण मग फोटोत जे दिसलं त्याचं काय करणार? आता तुम्हाला ते दिसलंय. वैद्याकडे न्यायचं तरी कायद्याचा प्रश्न आडवा येणार, आणि हे कासव आणखी वीस-तीस वर्षं सहज काढू शकतं. म्हणजे लपवाछपवी आज ना उद्या मुलीच्या संसारात जाणार.

माझं मत विचाराल तर, स्वतःहून वन विभागाकडे जा. पण उद्या सकाळी उठून नव्हे. आधी वन्यजीव कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला भेटा आणि सगळं खरं सांगा, अकरा वर्षंही सांगा, रीलही दाखवा. रानातला प्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं, असं कायद्यात आहे, आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. स्वतःहून गेल्यावर माफी मिळेलच असं कायद्यात लिहिलेलं नाही, आणि मीही तसं वचन देऊ शकत नाही. मी सदर लिहिते, वकिली करत नाही. पण वकिलाचा अर्ज हातात घेऊन आपण दारात उभं राहणं वेगळं आणि तक्रारीवरून दार वाजणं वेगळं, एवढं समजायला वकील लागत नाही. त्या खरेदीदाराचे स्क्रीनशॉटही तिथेच द्या. त्यांच्या दृष्टीने कदाचित बंडोपंतांपेक्षा तो माणूस महत्त्वाचा निघेल.

पुढे बंडोपंत रानात जातील, असं चित्र मुलीपुढे रंगवू नका. अशा कासवांचा मूळ मुलूख कोणता हेच ठाऊक नसतं, म्हणून बहुतेकांचा मुक्काम बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयातच राहतो. तिथे माती असेल, ऊन असेल, जातभाई असतील. तुमच्या घरात ते मिळणार नाही, कितीही माया असली तरी.

सासूबाईंचं मात्र अवघड आहे. त्यांच्या लेखी हे कासव म्हणजे मामंजींची शेवटची वस्तू आहे, ‘लक्ष्मी’ हा शब्द वरवरचा. त्यांच्याशी कायद्यावरून वाद घालू नका. देवळात शिरताना सभामंडपात जे कासव असतं ते दगडाचं असतं, त्याला ऊन लागत नाही की चारा लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. देवघरात पितळेचं एक कासव आणून ठेवा, गुरुवार चुकणार नाही. आणि हो, कासव ओट्यावर, देवघरात, पिण्याच्या पाण्याजवळ ठेवणं आजपासून बंद. हात लावला की साबणाने धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी धडधाकट दिसत असला तरी. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी घातली, ती पोरं त्यांना तोंडात घालत आणि आजारी पडत म्हणून.

हे सदर वाचणाऱ्यांत परदेशी सरडे, साप पाळणारे आणि त्यांचे फोटो टाकणारे आहेत, हे मला येणाऱ्या पत्रांवरून माहीत आहे. त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, ताई, तुम्ही हा भाग सोडून दिलात तरी चालेल. इग्वाना हा सरडा, बॉल पायथन हा अजगर, हे परदेशी प्राणी साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणून आपल्या कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत (वर आलेली जुनी चौथी वेगळी) येतात. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर आधी ते बघा, लाइकचं नंतर. आणि आपल्याकडचा कुठलाही साप, घोरपड, तळ्यातलं कासव, नदीतली मगर यांना ‘पेट’ म्हणायची सोय नाही, मग तो ‘वाचवलेला’ का असेना.

नोंदणी असली तरी फोटो टाकण्याआधी आपल्या प्राण्याची भाषा शिकून घ्या. बॉल पायथनला ते नावच पडलं कारण घाबरला की तो डोकं आत घालून चेंडूसारखं वेटोळं करतो. नेमका तोच फोटो ‘आमचा गुंडू झोपला’ म्हणून फिरत असतो. लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल) हसत नसतो, त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. मानेभोवती साप गुंडाळून, कडेवर तान्हं बाळ घेऊन काढलेल्या फोटोत धीट कोणीच नसतं. एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला पळता येत नाही. मला पटतो तो फोटो ज्यात पिंजरा, दिवा, तापमापक, पाण्याचं भांडं, मेलेला उंदीर असा सगळा पसारा दिसतो, आणि खाली खर्च लिहिलेला असतो. विजेचं बिलसुद्धा. असा फोटो पाहून ‘मलाही हवं’ म्हणणारे निम्मे तिथेच गळतात. दुकानाचं नाव, किंमत, घराचं ठिकाण टाकू नये. पावसाळ्यात कच्छ-सौराष्ट्राकडे शेतात रानातलं स्टार कासव दिसलं तर लांबून खुशाल फोटो काढा, पण लोकेशन बंद करून. तो फोटो जसे आपण पाहतो तसे उचलणारेही पाहतात.

आणि ज्यांच्या घरी कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव काचेच्या पेटीत आहे, त्यांनी ते सूरसागर तळ्यात सोडायचा विचारही करू नये. ते मूळ अमेरिकेतलं, नाण्याएवढं आणलेलं पुढे ताटलीएवढं होतं आणि जिथे सोडाल तिथल्या कासवांच्या जागेवर बसतं. युरोपने १९९७ पासून त्याची आयात बंद केली ती याच कारणाने.

परत तुमच्याकडे, ताई. वकील भेटून कागद होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातील. तेवढ्या दिवसांत दूध-पोळी पूर्ण बंद. गवत, जास्वंदीची पानं-फुलं, थोडा इतर पाला द्या. ऊन पडेल तेव्हा गच्चीत किंवा अंगणात तासभर सोडा, जवळ कोणीतरी बसून. अर्धी जागा सावलीत हवी, कारण कासव उन्हाने तापूनही मरतं. एका पसरट थाळीत त्याचे पाय बुडतील इतकंच कोमट पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं बसवा, तिथेच ते पाणी पिईल. कुंकू मऊ ओल्या फडक्याने जमेल तेवढंच पुसा, खरवडू नका. नखं आणि चोच घरी कापायला जाऊ नका, आत रक्त असतं. फ्रिजखालची जागा बंद करू नका, दुसरी उबेची जागा मिळेपर्यंत राहू दे.

वन विभागाला आधी फोन करा. ते घ्यायला येतात की तुम्ही न्यायचं, ते त्यांनाच ठरवू दे. न्यायचं ठरलं तर पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्याला बाजूने भोकं पाडा, तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर जुना टॉवेल, म्हणजे पाय घसरणार नाहीत. आत पाण्याची वाटी नको, सांडते. स्कूटरच्या डिकीत नाही, रिक्षात मांडीवर. सासूबाई येतो म्हणाल्या तर त्यांनाही घ्या, निरोपाचं कुंकू पाठीवर लावायचं नाही एवढं आधी बोलून ठेवा. मुलगी तर म्हणेलच. खोकं तिला धरू दे. फोन घरी ठेवायला सांगायची वेळ बहुधा येणार नाही, आलीच तर सांगा.